पडद्यावरची कथा आणि घरातली व्यथा

॥ श्रीविठ्ठल प्रसन्न ॥

सज्जनहो, मनुष्य हा मोठा कथाप्रिय प्राणी आहे. परीक्षिती राजाला आयुष्याचे सातच दिवस उरले होते. त्या वेळी त्याने वैद्य बोलाविला नाही, सैन्य बोलाविले नाही. त्याने कथा मागितली. जनमेजयाने पेटलेल्या सर्पसत्रात बसून आपल्या पूर्वजांची कथा ऐकली. आपला वारकरी संप्रदाय तरी कशावर उभा आहे? भगवंताची आणि भक्तांची कथा सांगावी, ऐकावी, आणि ती सांगता ऐकता पंढरीची वाट चालावी, हाच आपला धंदा. तेव्हा कोणाच्या कथेच्या आवडीला नावे ठेवण्याचा अधिकार निदान आम्हा कीर्तनकारांना तरी नाही. तरीसुद्धा तो अधिकार आम्ही एकदा भर मंडपात गाजविला, आणि पुढे आमची मान खाली गेली. ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी, एवढ्यासाठीच हा लेख आहे.

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातील एका गावी २०१८ च्या चैत्रात अखंड हरिनाम सप्ताह होता. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी प्रवचन, सायंकाळी हरिपाठ आणि रात्री कीर्तन, असा नेहमीचा क्रम. दुपारचे प्रवचन आमच्याकडे होते. पहिल्या दोन दिवसांत आमच्या ध्यानात आले की पुरुषमंडळी वेळेवर येतात, पण मायबाई अर्धा घटका उशिरा येतात, आणि आल्यावरही त्यांची आपसांतली कुजबूज संपत नाही. चौकशी केली तेव्हा कळले की रात्री जी मालिका स्वयंपाकाच्या गडबडीत पाहावयाची राहते, ती दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दाखवितात. ती पाहून मगच बायका मंडपात येतात, आणि येताना तिच्यावरचा वाद सोबत घेऊन येतात.

मालिका होती ‘माझ्या नवऱ्याची बायको’. २०१६ च्या ऑगस्टात सुरू झालेली ही मालिका २०२१ च्या मार्चपर्यंत चालली. तिची नायिका राधिका आपल्या नागपूरकडची, लग्न होऊन मुंबईत गेलेली. नवरा गुरुनाथ हा शनाया नावाच्या दुसऱ्याच बाईच्या नादी लागलेला. राधिका आपल्या वऱ्हाडी ढंगात बोलते, म्हणून आमच्या भागातल्या बायकांना ती अगदी घरची वाटे. पुण्यामुंबईची भाषा बोलणाऱ्या नायिका त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या; आपल्यासारखी बोलणारी ही एकच. त्यामुळे चर्चा मोठी रंगे. कोणी म्हणे, तिने नवऱ्याला सोडावे. कोणी म्हणे, घर तिचे आहे, तिने का जावे? एखादी म्हातारी गुरुनाथाला अशा शिव्या देई की ऐकणाऱ्याने कानांवर हात ठेवावे.

तिसऱ्या दिवशी आमचा तोल गेला. प्रवचन बाजूला राहिले आणि आम्ही मालिकेवर तुटून पडलो. खोट्या बाईसाठी खरे अश्रू, रंगविलेल्या तोंडासाठी देवाची वेळ, असे बरेच काही बोललो. पुरुषमंडळींनी माना डोलावल्या. प्रवचन संपल्यावर बायका पाया पडावयास आल्या. त्यांत तिशीतली एक बाई होती. ती जरा थांबली आणि हळू आवाजात म्हणाली,

“महाराज, टीव्हीचं जाऊ द्या, पन येक सांगा. थ्या राधिकेनं आता का करावं? घर सोडून जावाव, का तसंच राहावाव? लेकरू घिऊन माहेरी जाईन म्हनलं तर भावाची कपाशी बोंडअळीनं खाल्ली. थो तरी कोनाकोनाले पोसन?”

आम्ही हसलो. म्हणालो, “माय, जी बाई जन्मालाच आली नाही तिच्या संसाराची चिंता तू कशाला करतेस? ती रात्री तोंडाचा रंग पुसून आपल्या घरी सुखाने जेवते. तू आपला हरिपाठ म्हण.” मंडप हसला. जवळच वीणेचा पहारा चालू होता. वीणा घेऊन उभा असलेला गृहस्थही हसला. बाईने पदर पुढे ओढला आणि ती निघून गेली. त्यानंतर चार दिवस ती मंडपात दिसली नाही. ती दिसत नाही, हेही आमच्या लक्षात आले नाही.

काल्याचे कीर्तन झाले, महाप्रसाद झाला, आणि आम्ही बिछाना बांधत होतो. तेव्हा एक वृद्ध माउली आली. आयुष्यभर पंढरीची वारी केलेली ही बाई. तिने दारातच बसकण मारली आणि म्हणाली, “महाराज, येक बोलू का? राग नोका मानू. थ्या दिवशी पोरीनं तुमाले राधिकेचं नोयतं इचारलं. राधिकेच्या भावाची कपाशी कधी पाह्यली तुमी?”

सज्जनहो, आमच्या हातातली दोरी हातातच राहिली. खरेच की! मुंबईत राहणाऱ्या राधिकेच्या प्रश्नात कपाशी कोठून आली? बोंडअळी कोठून आली? २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने आमच्या जिल्ह्यातले कपाशीचे पीक कसे पोखरले, हे आम्हांस ठाऊक नव्हते काय? त्या बाईने आपले सारे दुःख एका वाक्यात आमच्यासमोर ठेवले होते. फक्त वर नाव राधिकेचे होते.

“मग ती कोणाची गोष्ट होती?” आम्ही विचारले.

“जो वीणा घिऊन उभा होता नं, त्याच्या घरची. त्यानं तालुक्याले दुसरं घर मांडलं. आमाले समद्याइले मालूम हाय. पन त्याचं नाव घेता येत नाही, महाराज. राधिकेचं नाव घेतलं का मंग बोलता येते.”

या शेवटच्या वाक्याने आमचा सहा दिवसांचा प्रवचनाचा अभिमान धुऊन नेला. बाईच्या समोर तिचा नवरा उभा. गळ्यात तुळशीची माळ, हातात वीणा, गावात मान. तिने उघड बोलावे तरी कसे? म्हणून तिने पडद्यावरच्या बाईची ओढणी पांघरली आणि ती महाराजांच्या पायाशी आली. महाराजांनी काय केले? ज्याच्यामुळे ती आली, त्याच्याबरोबर मिळून तिला हसले.

आता कोणी म्हणेल, ही एका गावची गोष्ट झाली. एवढ्यावरून सगळ्या मालिका पवित्र ठरतात काय? तसे आमचे म्हणणे नाही. पण आधी हे समजून घेतले पाहिजे की परक्याच्या कथेआडून आपले दुःख बोलणे ही दूरदर्शनाने आणलेली नवी रीत नव्हे. पूर्वी आपल्या आया पहाटे जात्यावर बसत. समोरासमोर दोघी, खुंट्याला दोघींचा हात, आणि पिठाबरोबर ओवी बाहेर पडे. त्या ओवीत सीतेचा वनवास असे, रुक्मिणीचा रुसवा असे, आणि सीतेच्या नावाने स्वतःचा वनवासही असे. सासू शेजारच्या खोलीत झोपलेली. तिला वाटे, सून रामाचे गाणे गाते आहे! हेमा राईरकर, गी पॉइतवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या टिपून ठेवल्या. एवढे बोलावयाचे होते, माउलीहो, आणि विचारणारे कोणी नव्हते! पुढे पिठाची गिरणी आली आणि जाते थांबले. घरोघर नळ आला आणि पाणवठा ओस पडला. बायांची बसण्याची जागा गेली, पण दुःख काही गेले नाही. ते आता मालिकेच्या भोवती येऊन बसले आहे.

आणि संतांनी या गोष्टीकडे कसे पाहिले? एकनाथमहाराजांच्या भारुडात सासरा, सासू, नणंद, जाऊ, नवरा यांना कंटाळलेली सून उभी राहून देवीला गाऱ्हाणे घालते. नाथबाबा केवढे ब्राह्मण, केवढे पंडित! पण त्यांनी सुनेचे सोंग घेतले, तिच्या तोंडची भाषा घेतली, आणि हसता हसता ऐकणाऱ्याला प्रपंचाकडून परमार्थाकडे नेले. त्यांनी आधी तिला ऐकली, मग शिकविले. जनाबाईच्या जात्याला हात लावावयास प्रत्यक्ष विठ्ठल आला, असे आपण कीर्तनात रंगवून सांगतो. देव जात्यापाशी आला. त्याने जनीला ‘आधी दळण टाक आणि मंडपात ये’ असे म्हटले नाही. आम्ही मात्र तेच म्हटले.

असो. आता मालिकेचाही थोडा विचार करू. ‘हम लोग’ ही मालिका दूरदर्शनवर ७ जुलै १९८४ रोजी सुरू झाली. तिच्या प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार येत आणि घडलेल्या गोष्टीवर प्रेक्षकांशी दोन शब्द बोलत. आमच्या मते ते एक प्रकारचे निरूपणच होते. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी ‘रामायण’ लागू लागले, तेव्हा लोकांनी दूरदर्शनच्या पेटीला हार घातले, उदबत्ती लावली. पुढे रोजच्या मालिका आल्या. सह्याद्री वाहिनीवरची ‘दामिनी’ ज्यांनी पाहिली त्या आज आज्या झाल्या आहेत. ‘आई कुठे काय करते’ ही मालिका २०१९ च्या डिसेंबरपासून २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत चालली आणि शेवटचे काही महिने ती दुपारीच लागत असे. तुकोबारायांच्या चरित्रावर ‘तू माझा सांगाती’ आली, तीही घरोघर पाहिली गेली. आवलीमाईचा राग बरोबर की चूक, यावर आमच्या वारकरी घरांतही वाद झाले. पुरुषांनी फार सोवळेपणा मिरवू नये. पानठेल्यावर क्रिकेट आणि निवडणूक यांवर जो काथ्याकूट चालतो, त्यात पाहिलेले किती आणि कल्पिलेले किती, हे ज्याचे त्याने मोजावे.

मग या चर्चेत दोष कोठे आहे? आम्हांस तीन ठिकाणी दिसतो.

पहिला दोष असा की मालिकेला शेवट नको असतो. आपल्या सप्ताहाला काला आहे, वारीला पंढरी आहे. मालिका पाहणारे जोवर आहेत तोवर दुष्टाने सुधारता कामा नये आणि सुष्टाने सुटता कामा नये, असा तिचा व्यवहार आहे. तेथे दुःख सुटावे म्हणून दाखवीत नाहीत, उद्या पुन्हा पाहावयास यावे म्हणून दाखवितात. हे ओळखून पाहावे.

दुसरा दोष असा की तेथली सवय माणसांना लागते. पडद्यावर एक नायिका आणि एक खलनायिका असते. आपण गावातही तसेच पाहू लागतो. एखादी पोर जरा नीटनेटकी राहिली, चार शब्द मोकळे बोलली, की तिला ‘शनाया’ नाव पडते. अहो, पडद्यावरच्या शनायाला तुम्ही दिवसभर शिव्या दिल्या तरी तिच्या केसाला धक्का लागत नाही. पण गावातल्या पोरीचे त्या एका नावाने लग्न मोडते. ती निंदा आहे, आणि निंदेचे पाप मालिकेच्या खात्यावर लिहिले जात नाही.

तिसरा दोष सर्वांत मोठा. पडद्यावरच्या कथेत आरडाओरड केली की कथा फिरते. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ या २००० साली सुरू झालेल्या मालिकेत मिहीर नावाच्या नायकाला मारले, तेव्हा देशभर पाहणाऱ्यांनी एवढा आक्रोश केला की मेलेला मिहीर परत आणावा लागला. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कर्जापायी ज्या शेतकऱ्यांनी जीव दिला, त्यांपैकी एक तरी आक्रोशाने परत आला काय? येथे नुसते रडून भागत नाही, उठून जावे लागते. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांनी केले. त्या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नी. शेतकरी विधवांच्या जीवनावरील ‘तेरवं’ या नाटकात त्यांनी काम केले होते. ज्यांची व्यथा, त्यांनीच ती मंचावर उभे राहून सांगितली. मिहिरासाठी जे रडले त्यांनी आपल्याच आळीतल्या अशा एखाद्या बाईच्या दाराशी जाऊन, “बाई, तुझ्या घरी आज चूल पेटली का?” एवढे तरी विचारले आहे काय, हा आमचा प्रश्न आहे.

येथे एक दृष्टांत आठवतो. कुरुक्षेत्रावरचे युद्ध हस्तिनापुरात बसून पाहण्याची दृष्टी व्यासांनी संजयाला दिली. संजय पाहतो आणि धृतराष्ट्राला सांगतो. कथा एकच, गीता एकच, विश्वरूपाचे वर्णन एकच. ते सांगताना संजयाच्या अंगावर रोमांच उभे राहतात, कंठ दाटतो. ऐकणारा म्हातारा मात्र कोरडा. माउलींनी ज्ञानेश्वरीत ठिकठिकाणी हा भेद दाखविला आहे. त्याचे सारे लक्ष एवढेच, की माझी पोरे जिंकतात की नाही. एवढी मोठी कथा त्याच्या कानावरून गेली, पण “चूक माझ्या घरात आहे” असे त्याच्या मनात आले नाही. जी सासू राधिकेसाठी डोळे पुसते आणि लगेच स्वयंपाकघरात जाऊन सुनेला टोचते, ती धृतराष्ट्राच्या आसनावर बसली आहे. जो नवरा गुरुनाथाला नालायक म्हणतो आणि स्वतः तालुक्याला दुसरे घर मांडतो, तोही त्याच आसनावर. आणि जो महाराज रोज करुणेवर प्रवचन करतो आणि समोर उभ्या दुःखाला हसतो, त्याला तर त्या आसनावर सर्वांत पुढची जागा दिली पाहिजे. ती आम्ही पत्करली आहे.

त्या रात्री आम्ही गाव सोडले नाही. वृद्ध माउलीला घेऊन त्या बाईच्या घरी गेलो आणि तिच्यापुढे हात जोडले. ती गोंधळली, रडली, मग बोलली. तेव्हा आम्हांस आणखी एक गोष्ट कळली. ज्यांच्या चर्चेला आम्ही टवाळकी म्हटले होते, त्याच बायका त्या चार दिवसांत आळीपाळीने तिच्या ओट्यावर जाऊन बसत होत्या. एकीने ज्वारी दिली होती. एक शिकलेली सून म्हणाली होती की राधिकेने काय करावे ते लेखक ठरवील, पण आपल्या बाईने काय करावे ते वकिलाला विचारू. ‘जावाव का राहावाव’ या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आमच्याआधी शोधून आणले होते.

ते उत्तर वाचकांनीही ध्यानात ठेवावे, कारण हा प्रश्न अनेक घरांत आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा सांगतो की ज्या घरात बाई नांदली त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, मग घर कोणाच्याही नावावर असो. केवळ मारहाणच नव्हे, पैशावाचून कोंडी करणे आणि मानसिक छळ हेही त्या कायद्यात येते. तक्रारीसाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो. त्यासाठी तिची मिळकत पाहत नाहीत. १८१ या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. आम्ही आयुष्यभर शास्त्रे वाचली, पण ही चार वाक्ये आम्हांस गावातल्या एका सुनेने शिकविली.

वीणेकऱ्यालाही आम्ही एकांतात भेटलो. त्याला एवढेच म्हणालो, “बाबा, वीणा खाली ठेवू नये म्हणून तू चार चार तास उभा राहतोस. ज्या बाईचा हात धरलास तो मात्र खाली ठेवलास. गळ्यातली माळ हे पाहते आहे.” तो खाली मान घालून ऐकत राहिला. घर पुरते सावरले, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. मनुष्याचे मन एका रात्रीत फिरत नाही. पण बाई त्या घरातून गेली नाही, आणि तिला घालवून देता येत नाही, हे त्यालाही कळले. पुढच्या वर्षी त्याच गावी गेलो तेव्हा ती दुपारच्या प्रवचनाला पहिल्या ओळीत बसली होती. वीणा त्या वेळी दुसऱ्याच्या हातात होती.

तात्पर्य, माउलीहो, मालिका पाहू नका असे सांगण्यासाठी आम्ही लेखणी धरली नाही. हरिपाठाची वेळ तेवढी राखावी. पाहिलीत तर चर्चाही खुशाल करा. पण चर्चा करताना कान उघडे ठेवा. शेजारीण पडद्यावरच्या बाईबद्दल बोलता बोलता थांबली, आवंढा गिळला, किंवा कथेत नसलेली कपाशी तिच्या बोलण्यात आली, तर समजावे की आता गोष्ट राधिकेची राहिली नाही. तेथे टोमणा मारू नये, नाव विचारू नये, नुसते तिच्याजवळ सरकून बसावे. पडद्यावरच्या सासूला जो न्याय लावता तोच आपल्या घरच्या सासूपणाला लावून पाहावा. आणि आम्हा कीर्तनकारांना विनंती अशी, की पाया पडावयास आलेल्या माणसाने कोणाच्याही नावाने प्रश्न विचारला, तरी उत्तर त्याच माणसाला द्यावे.

पांडुरंगाचे कान फार तिखट आहेत. भक्ताने कोणाच्याही आडून हाक मारली तरी ती कोणाची, हे त्याला कळते. त्याच्या वारकऱ्यांना त्यातले थोडे तरी साधावे, एवढे मागून लेखणी थांबवितो.

॥ पुंडलिकवरदे हरि विठ्ठल ॥